वारुळाचा व

द्वारकाबाईंच्या शेजारी वर्ग घेणं काय असतं, ते घेतल्याशिवाय कळायचं नाही. मी घेतलाय. आमची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि मधे अर्धी भिंत. वर कौलांपर्यंत सगळं मोकळं. अलीकडे मी चौथी-पाचवीला भागाकार समजावतोय, घसा कोरडा पडलाय, एखाद्या पोराच्या डोक्यात काहीतरी उजाडतंय असं वाटतंय, आणि नेमकं तेव्हाच पलीकडून पहिली-दुसरी-तिसरीची सगळी फौज एका सुरात कोंबड्यांना बोलवायला लागायची. "बाऽ बा बा बा बा!" त्यामागून बाईंचा आवाज, "व्हय, मग बा बा म्हणताना ओठ काय करत्यात? मिटत्यात का न्हाई? बोट लावून बघा! ब्, ब्, ब्!" झालं. माझ्या वर्गातली घोडीसुद्धा ओठांना बोटं लावून बघत बसायची. भागाकार गेला खड्ड्यात.

गोव्याच्या सीमेजवळच्या कन्नड मुलखात, गुंदहून आत, नंदिगड्ड्याच्या अंगाला, डांबर संपून रान सुरू होतं तिथं आमची ही मराठी शाळा. पोरं कुणबी घरांतली. घरी कोकणी, शाळेत मराठी, बसथांब्यावर कन्नड, असं त्यांचं चालायचं. द्वारकाबाई रामनगरच्या. वडलांचं किराणा दुकान, मूळ घर खानापूरकडचं. बांधा बुटका, पदर कमरेला खोचलेला, चपला वर्गाबाहेर, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. तिच्यात अक्षरांची कार्डं, खडू, चिंचोके आणि पोरांची नाकं पुसायला जुन्या साडीचे तुकडे. आवाज असा की वर्गात 'गप' म्हणाल्या तर शेतातली माणसंही गप व्हावीत.

त्यांची एक सवय मला पहिल्याच दिवशी खटकली. पोर वाचायला लागलं की या डोळे मिटायच्या. मला वाटलं, दुपारचा भात चढला. शेवटी विचारलंच. म्हणाल्या, "डोळं उघडं असलं की पोराच्या तोंडाकडं बघून पुढचं अक्षर मीच मनात म्हणून टाकते, गुरुजी. मग वाटतं पोरानंच वाचलं. डोळं मिटलं की खरंच काय वाचतंय ते कळतं." मी 'बरं' म्हटलं.

मुळाक्षरांचा तक्ता त्यांनी आल्या आल्या गुंडाळून कपाटावर टाकला. "आधी कान उघडूदे, मग डोळं उघडतील," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरांना त्या विचारायच्या, म्हैस थांबवताना काय म्हणता? कुत्र्याला हाकलताना? वानरं हुसकताना? आणि पोरं काय, तयारच! एकदा वानरांचा आवाज चालू असताना वरच्या मळ्यातली दोन माणसं गलोल घेऊन धावत आली. शाळेच्या दारात उभी राहून इकडं तिकडं बघतायत, वानर कुठं दिसेना. बाईंनी त्यांनाही आत घेतलं. "आलाच हाय तर म्हणा, हू हू म्हणताना श्वास कुठनं येतो?" ती बिचारी गलोल खाली ठेवून हू हू करत बसली.

जेवणाच्या सुट्टीचा तर खेळच होता. बाई दारात आडव्या उभ्या राहायच्या आणि नुसता आवाज काढायच्या. "म्!" मग मंगेश, मालू, महादेवी ताटं घेऊन पळायची. "ग्!" गणू सुटायचा. ज्याच्या नावातला पहिला आवाज येईल तोच बाहेर. मी मोठ्या माणसासारखा बाजूनं जायला लागलो तर मलाही हात आडवा. "थांबा गुरुजी. तुमचा आवाज आला न्हाई अजून." माझं नाव शंकर. ही बाई 'श्' मुद्दाम शेवटी ठेवायची. शाळेचं जेवण रांधणाऱ्या शांताक्कांच्या गरम सांबाराचं पार पाणी झाल्यावर मला ताट मिळायचं, आणि पोरं मला बघून 'श् श्' करत हसायची. मी चिडायचो. त्यांना काही फरक पडायचा नाही.

आणि ती खणायची भानगड! आमच्या भागात कंदमुळं फार. पोरांना चालायला लागल्यापासून कणगं खणायला येतं. बाईंनी तांबड्या मातीची अक्षरं बनवली, शांताक्कांच्या चुलीत भाजून घेतली आणि शाळेमागच्या ढिगात पुरली. पोरांनी हात खुपसायचा, डोळे मिटून अक्षर चाचपायचं, आवाज सांगायचा, आणि बरोबर असला तरच वर काढायचं. चुकला की परत पुरायचं. आईबाप आले भांडायला. "खणायचं तर घरी काय कमी हाय? शाळेत कशाला धाडतो मग?" बाई म्हणाल्या, "तुम्ही घरी काय सापडतंय म्हणून खणता? इथं 'ळ' सापडतो. घरी सापडला तर घरी ठेवा पोराला." ती मंडळी हसत परत गेली. जिंकायची सवयच होती या बाईला.

एका ठिकाणी मात्र त्या अडल्या. रक्षिताजवळ.

रक्षिता तिसरीत होती. लांब डोळ्यांची, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, आपणहून शब्द काढेल तर शपथ. खेळात पुढं, गाण्यात पुढं, पण पुस्तक उघडलं की दातखीळ. कार्डांची आमच्याकडं शिडी असते. एक पायरी आली की पुढची. आधीच्या मास्तरांनी तिला एका पायरीवर जी ठेवली होती, ती तशीच होती. 'मंद आहे' असा शेरा तोंडोतोंडी माझ्यापर्यंतही आला होता, आणि तो मला खोटा वाटला नव्हता.

दिवाळीची सुट्टी संपली आणि तिचा बाप म्हाबळू शाळेत आला. साधा माणूस, टॉवेल दोन्ही हातांत पिळत उभा. म्हणाला, "बाई, आमच्या अक्काला गोव्यात लेकरू झालंय. रक्षिताला तिकडं धाडतो. लेकराला सांभाळंल, चार माणसांत राहील. हितं बसून काय येतंय तिला? माझं तर आंगठ्यावर गेलं, तिचं बी जाईल."

"ती मोलकरीण व्हायची न्हाई," बाई म्हणाल्या.

"मोलकरीण कसली? आत्याच हाय तिची."

"आत्या असू दे न्हाईतर मावशी. आठ वर्षांच्या पोरीनं दुसऱ्याचं लेकरू कडंवर घेऊन फिरायचं, हे मला चालायचं न्हाई. शिगम्यापर्यंत द्या मला. शिगम्याला या. वाचली न्हाई तर मी स्वतः तिला गोव्याच्या बसमध्ये बसवते."

म्हाबळूनं मान हलवली आणि गेला. मी म्हटलं, "बाई, हे काय बोलून बसलात? दोन वर्षांत जे झालं नाही ते चार महिन्यांत?" माझ्याकडं लक्षच नाही. रक्षिताला जवळ ओढून म्हणाल्या, "आता तू वाचेपर्यंत सुट्टी न्हाई. तुला न्हवं गं, मला."

दुसऱ्या दिवसापासून सुरू. कान तिचे उत्तम. कुठल्याही शब्दातला पहिला आवाज सांग म्हटलं की सांगायची, मधला सांगायची, शेवटचा सांगायची. ढिगातून क, म, न, र भराभर निघाले. मग 'व'चं कार्ड आलं. वर वाघ, खाली व. आणि पोरगी दगड. बाईंनी गोडीनं विचारलं, गाऊन विचारलं, ओरडून विचारलं. मातीचा व हातात दिला, तो तिनं घेतला पण तोंड उघडेना. पुढं तर पुस्तकच उघडेना. बाई अर्ध्या भिंतीवरून माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हिला येतंय, गुरुजी. मुद्दाम म्हणत न्हाई. का म्हणत न्हाई ते कळंना." पहिल्यांदाच त्यांचा आवाज उतरलेला ऐकला मी, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं.

रविवारी मला घेऊन निघाल्या तिच्या घरी. घेऊन म्हणजे ओढून. "एकटी कुठं जाऊ रानातनं?" ओढा ओलांडायचा, चढ चढायचा, माझे गुडघे बोंबलतायत, आणि या पुढं चालता चालता झाडांची नावं विचारून त्यांचे पहिले आवाज काढतायत. घरी पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. म्हाबळूच्या म्हाताऱ्या बापानं पाट दिले. रक्षिता रानात चरायला गेलेल्या गाईचं सांगायला लागली. "कपिला म्हंजी माझी गाय. गाभण हाय. तिला पाडी होणार, पाडा न्हाई." शाळेत मुकी असणारी पोर घरी नुसती चिवचिवत होती.

अंगणाच्या टोकाला फणसाखाली एक शेंदूर फासलेला दगड होता, समोर फुलं. म्हाताऱ्यानं तिकडं बघून हात जोडले पण कुणाचा देव ते सांगितलं नाही. बाईंनी सवयीनं पिशवी उपडी केली, कार्डं अंगणात पसरली. रक्षिता 'व'चं कार्ड सोडून बाकीची उचलत राहिली. एवढ्यात घंटा वाजायला लागल्या, गुरं रानातून आली. म्हातारा उठला, एकेक जनावर गोठ्यात घातलं आणि दाराला आडवा वासा लावला. वासा खाचेत बसल्याचा आवाज झाला मात्र, पोरीनं हात लांब करून ते कार्ड उचललं आणि म्हणाली, "व. वाघाचा व."

बाई तिच्याकडं बघतच राहिल्या. "अगं बाई! मग शाळेत का न्हाई म्हणत?"

रक्षितानं एवढंही कसं कळत नाही अशा नजरेनं बघितलं. "शाळेच्या टायमाला गुरं रानात आस्तात न्हवं?"

म्हाताऱ्यानं मग हळू आवाजात उलगडून सांगितलं. तो दगड वाघाचा. त्या घराकडं त्याची पूजा. गुरं रानात असली की त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही; नाव काढलं की तो आपल्याला बोलावलंय असं समजतो. गुरं सकाळी जातात, सांजेला येतात. म्हणजे शाळेची वेळ नेमकी तीच. बाकीच्या घरांत एवढं कडक नव्हतं, म्हणून बाकीची पोरं बिनधास्त ओरडायची. ही मात्र आपल्या कपिलेवर वाघ नको म्हणून दोन वर्षं गप बसली होती. कुठल्या पानावर ते अक्षर येईल आणि तोंडून नाव निघून जाईल, या धास्तीनं पुस्तकच उघडायची नाही. आणि आम्ही शिकलेसवरलेले तिला मंद म्हणत होतो.

परतताना मी माझं मत दिलंच. म्हटलं, "बाई, हे डोक्यातून काढायला पाहिजे. शाळा कशासाठी असते?"

"तुमची बायको तुमचं नाव घेती का हो, गुरुजी?"

"नाही."

"मग आधी तिच्या डोक्यातलं काढा आणि मला येऊन सांगा." थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "मला पोरीला वाचायला शिकवायचं हाय. वाघ काय, कुठं पळून जात न्हाई."

सोमवारी वाघाचं कार्ड पिशवीतून गायब होतं. त्याजागी बाईंच्या हातचं नवीन कार्ड: वारूळ. चित्र इतकं वाईट की मला ते भाताची रास वाटलं. पण रक्षितानं बघितलं, तळहात उपडा करून त्याचं वारूळ केलं आणि भर सकाळी, गुरं रानात असताना, मोठ्यांदा म्हणाली, "वारुळाचा व." अर्ध्या भिंतीवरून मीच टाळ्या वाजवल्या. माझ्या वर्गाला काही कळेना.

आता अडसर गेला होता, पण दोन वर्षांचं मागं पडलेलं होतंच. बाईंनी तिला सोडलं नाही. जमिनीवर खडूनं गोल काढायच्या, गोलात अक्षरं. एकेका अक्षरावर उडी मारायची आणि आवाज काढायचा. आधी सावकाश, मग भरभर, की उड्यांचा शब्द व्हायचा. म. ग. र. मगर! पोरगी एवढ्या उड्या मारायची की संध्याकाळी पाय दुखायचे म्हणे. पुढं बसून वाचायला लागली तरी तिच्या पायाचा अंगठा प्रत्येक अक्षराला जमिनीवर उठायचा, बसायचा. काना झाला, वेलांट्या झाल्या, मात्रा झाल्या. जोडाक्षरांना नुकता हात लागला होता, तेवढ्यात पळस फुलले आणि शिगमा येऊन ठेपला.

शिगम्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी म्हाबळू आला. उशीर झालेला, टॉवेलाला शेण लागलेलं, चेहरा जागरणाचा. बाईंनी रक्षिताला पुस्तक दिलं. तिनं एक धडा वाचला, दुसरा वाचला. म्हाबळू ऐकत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "बाई, राग धरू नका. पण पाठ केलं असंल तर? मला काय कळतंय? आमच्यात देवाची नमनं पाठ करणारी माणसं हायत, रातभर म्हणत्यात. एक अक्षर वाचता येत न्हाई त्यांना."

मला संताप आला. एवढं करून वर हे? पण बाई रागावल्या नाहीत. "बरोबर हाय तुमचं," म्हणाल्या. "रक्षिता, तू विहिरीपाशी जा. म्हाबळूअण्णा, हिला ठाऊक न्हाई असं काहीतरी गुरुजींच्या कानात सांगा. ते पाटीवर लिहितील. तोंडानं कुणी काय बोलायचं न्हाई."

म्हाबळूनं थोडा विचार केला. मग माझ्या कानाशी वाकला आणि चार शब्द बोलला. त्याचं जागरण कशाचं आणि उशीर कशानं झाला ते मला कळलं. त्यात 'व' होता, आणि तोही अर्धा. जोडाक्षर! मी खडू धरून घुटमळलो. हेच जरा वेगळं, सोपं करून लिहिलं तर म्हाबळूला काय कळणार होतं?

बाई माझ्याकडं पाठ करून उभ्या होत्या. तशाच म्हणाल्या, "जसं सांगितलं तसंच लिहा हं, गुरुजी. सोपं करू नका."

लिहिलं तसंच. रक्षिताला हाक मारली. तिनं पाटी मांडीवर घेतली. बाईंनी डोळे मिटले.

"क... पि... ला. कपिला." तिनं हसून वर बघितलं. "आमची?"

"पुढं," बाई म्हणाल्या.

अंगठा एकदा आपटला आणि थांबला. "व..." गप्प. बाहेर कुठं तरी लांब गुरांच्या घंटा वाजत होत्या. मी बापाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले, ओठ घट्ट आवळलेले. एका अक्षराची मदत करतील तर शपथ. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

रक्षितानं पाटीवर तळहात उपडा ठेवला. वारूळ. "वारुळाचा व. पण अर्धा. व्... या... व्या. ली." ती थांबली. परत म्हणाली, आता भरभर. "व्याली. कपिला व्याली." मग बापाकडं बघून ओरडलीच, "बाप्पा! व्याली? कधी?" बाप तोंड उघडायच्या आत तिनं खालची ओळ गिळल्यासारखी वाचून टाकली, "पाडी झाली! पाडी झाली!" आणि पाटी माझ्या पायावर टाकून जी सुटली ती बांधावरून, ओढ्यातून, थेट घराकडं. दप्तरही नेलं नाही. कुणी अडवलं नाही.

म्हाबळू दाराकडं बघत उभा होता. मला म्हणाला, "मी तर तिला कायच बोललो न्हाई हो, गुरुजी. तुम्ही बी न्हाई."

"पाटीनं सांगितलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे उघडले.

म्हाबळूनं पाटी उचलली. उलटी धरली होती. मी सरळ करून दिली. बराच वेळ त्या दोन ओळींकडं बघत राहिला, मग टॉवेलानं तोंड पुसलं. "शिगमा झाल्यावर शाळा कवा उघडणार?" एवढंच विचारलं. गोव्याचं नाव परत कधी निघालं नाही. बाई भिंतीपलीकडं गेल्या, आणि त्या आवाजी बाईला मी पहिल्यांदा आवाज न करता रडताना पाहिलं. जरा वेळानं नाक शिंकरून ओरडल्या, "चला रे, कोण कोण राहिलंय वाचायचं?"

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. गावानं शाल दिली, नारळ दिला आणि पोतंभर कणगं दिली. रक्षिता तेव्हा माझ्या वर्गात, पाचवीत. मी कन्नड शिकवायला लागलो की ही आधी विचारायची, "गुरुजी, ह्याचा आवाज काय?" नाव नको, आवाज पाहिजे. वैताग होता नुसता. पण वर्गात कन्नड तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं.

निरोपाला सगळी शाळा फाट्यावर. बस आली, धूळ उडाली. पोतं वर गेलं, पिशवी गेली. बाईंचा एक हात दाराच्या दांडीवर. रक्षिता बसच्या पुढं जाऊन पाटीकडं मान वर करून उभी राहिली. कन्नड अक्षरं, निम्मा रंग उडालेला. तिनं वाचायला सुरुवात केली. बाईंनी जिथल्या तिथं डोळे मिटले.

कंडक्टर वैतागला. "बाई, चढा की! टाइम झाला!"

बाईंनी डोळे न उघडता दुसरा हात त्याच्यापुढं आडवा धरला. माझ्या ताटापुढं धरायच्या तसाच. "थांब रे. वाचून होऊदे तिचं."

धुळीत रक्षिताच्या पायाचा अंगठा उठत होता, बसत होता. "रा... म... न... ग... र. रामनगर!"

बाईंनी डोळे उघडले. "झाली सुट्टी," म्हणाल्या, आणि पायरीवर पाय ठेवला.